कळूनही केलेलं

भाषांतर करताना 'फॉली' हा इंग्रजी शब्द आला की मी थबकते. कोशात त्याच्यापुढे मूर्खपणा, वेडेपणा, अविचार असे प्रतिशब्द हारीने उभे असतात. पण त्यांतला एकही डोळे झाकून उचलता येत नाही. मूर्खपणा हा स्वभाव असू शकतो, 'फॉली' ही बहुधा करणी असते. आणि ती करायला अक्कल कमीच असावी लागते असं मुळीच नाही.

बार्बरा टकमन यांचं 1984 सालचं 'द मार्च ऑफ फॉली' हे पुस्तक याच अर्थावर उभं आहे. ट्रॉयच्या लाकडी घोड्यापासून व्हिएतनामपर्यंत, दुसरा मार्ग समोर असताना आणि धोक्याचा इशारा मिळूनही सत्ताधारी आपल्याच मुळावर येणारं धोरण कसं रेटत राहिले, हे त्या सांगतात. इथे 'अविचार' म्हटलं तर तो घाईतला प्रमाद वाटतो. हे निर्णय तर बैठकांवर बैठका घेऊन झालेले. 'विपरीत बुद्धी' जवळची वाटते, पण तिच्यामागे विनाशकाळ आपोआप येतो आणि दोष नियतीवर जातो. मला इथे समर्थांचा 'पढतमूर्ख' उपयोगी पडतो. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी होते, शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. शहाणपण असून वाया घालवणारा तो हाच.

तारुण्यातल्या 'फॉली'ला मात्र हा शब्द जड होतो. तिथे 'वेडेपणा'च हवा, कारण आपल्याकडे 'वेडा कुठला!' म्हणताना आवाजात माया असते.

वास्तूंची गोष्ट आणखी वेगळी. निव्वळ शोभेसाठी उभारलेल्या बांधकामालाही इंग्रजीत 'फॉली' म्हणतात. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात 'कॉनोलीज फॉली' आहे: कमानींवर कमानी, वर उंच निमुळता स्तंभ, राहण्याजोगं काही नाही. पण कॅथरिन कॉनोली यांनी ती 1740च्या दुष्काळात गोरगरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधायला घेतली. तिला 'खूळ' म्हणायला माझी लेखणी धजत नाही. मी नाव तसंच ठेवून 'शोभेची वास्तू' एवढंच लिहिते.

भाषांतरात नव्याने उतरणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: कोश जरूर उघडा, पण आधी करणाऱ्याला काय ठाऊक होतं ते मजकुरात शोधा. प्रतिशब्द त्यावरून ठरतो.