सुरतच्या थंडीत फुललेलं ऑर्किड

ऑर्किड एकदा फुलून गेलं की परत फुलत नाही असं बरेच जण म्हणतात, म्हणून आमच्या घरची गोष्ट लिहिते.

मुलाला ऑफिसातून दिवाळीत ते मिळालं होतं. जांभळी, फुलपाखरासारखी फुलं. ह्या जातीचं नाव फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारखं. होळीपर्यंत फुलं गळाली, दांडा वाळला, उरली चार जाड पानं. वर्षभर ते हॉलच्या कोपऱ्यात तसंच. सगळे म्हणाले, टाकून दे.

त्याच सुमारास सासरे गेले आणि अमळनेरहून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. जन्म वाड्यात गेलेला, इथे पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. पिशवी उघडत नव्हत्या, कशात बोलत नव्हत्या. रोज एकच, "मला ताप्ती लाइनच्या गाडीत बसवून द्या." कुंडी कचऱ्यात चालली तेव्हा मात्र म्हणाल्या, "पानं हिरवी आहेत ना? मग टाकायचं कशाला?" ह्या घरात त्यांनी दिलेलं ते पहिलं मत.

मग मी जरा वाचून काढलं. ह्या झाडाला फुलायला खत कमी आणि थंड रात्री जास्त लागतात. रात्रीचं तापमान काही आठवडे १५ ते १८ अंशांच्या आसपास उतरलं की दांडा फुटतो. बंद हॉलमध्ये दिवस-रात्र सारखंच ऊबदार, मग झाडाला कळणार कसं हिवाळा आला ते? आपल्या सुरतेत तशा रात्री डिसेंबर-जानेवारीत मिळतात.

नोव्हेंबरअखेर कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत गेली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. माती नाहीच, झाडाची साल, कोळसा आणि नारळाची शेंडी. पाण्याचं काम आईंनी आपणहून घेतलं. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. दोन दिवसांत त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळायला लागलं.

जानेवारीच्या सुरुवातीला पानाखालून एक कोंब आला. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं जरा चपटं, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं. हा दांडाच होता! दिशा बदलली तर दांडा वाकडा वळतो म्हणून आईंनी कुंडीला उजेडाच्या बाजूने कुंकवाचं बोट लावलं. उत्तरायणाला आकाशभर मांजा, एखादा दोरा अडकला तर संपलंच, म्हणून दोन दिवस कुंडी आत आणली आणि कुंकू बघून परत तशीच ठेवली.

गुढीपाडव्याच्या आधी पहिली कळी उमलली. पाडव्याला गावी जायचं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं, तिकीटही काढलेलं होतं. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "फुलं किती दिवस राहतात गं?" मी म्हटलं, "दोन-तीन महिने सहज." थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिकीट रद्द कर. उन्हाळ्यात हिला पाणी कोण बघणार?"

तर मंडळी, फुलं गळाल्यावर दांडा हिरवा असेल तर लगेच कापू नका, कधीकधी त्याच्याच गाठीतून नवी फांदी फुटते. हे आईंना सांगितलंय. त्या रोज सकाळी गाठी मोजतात.