कीर्तिमंदिराच्या दारांत

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत कॅन्टन नांवाचें एक शहर आहे. आपल्याकडील बहुतेक वाचकांस तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु अमेरिकन फुटबॉलच्या भक्तांस तें पंढरपुरासारखें आहे. त्या खेळाच्या धंदेवाईक संघांची संघटना 1920 सालीं याच गांवांत जन्मास आली, आणि 1963 सालीं येथेंच त्या खेळांतील थोर पुरुषांचें 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कीर्तिमंदिर, उघडण्यांत आलें. निवड झालेल्या खेळाडूस सोनेरी रंगाचा कोट मिळतो आणि त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा तेथें कायमचा बसतो. पहिल्या वर्षीं 17 जण निवडले गेले. तेव्हांपासून 'आतां कोण?' हा प्रश्न त्या देशांत ज्या आवेशानें लढविला जातो, तो पाहिला म्हणजे आपल्याकडील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा वाद अगदींच सौम्य वाटूं लागतो.

आम्हांस या वादाची गोडी लागली ती आमच्या पुतण्यामुळें. तो ओहायोंतच नोकरीस आहे. एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही त्याच्याकडे राहिलों असतां त्याचे मित्र रात्रीं जेवणानंतर जमत आणि निवृत्त खेळाडूंची नांवें घेऊन कडाकडा भांडत. खेळ आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा. चेंडू लंबगोल, आणि पायापेक्षां हातांतच अधिक. त्याचे नियम समजावयास आम्हांस पंधरा दिवस लागले. वाद मात्र पहिल्याच रात्रीं समजला. पंचवीस वर्षें परीक्षकांच्या सभांतून बसलेल्या माणसास तो समजणें कठीण नव्हतें.

निवडीची रीत थोडक्यांत अशी. खेळाडू निवृत्त होऊन पांच वर्षें लोटावीं लागतात. मग बहुतांशीं वृत्तपत्रकारांची बनलेली सुमारें 50 जणांची समिति विचारास बसते, आणि शेंकडा 80 मतें पडल्याखेरीज दार उघडत नाहीं. मैदानावरील कामगिरी तेवढी पाहावी, बाहेरचें वर्तन पाहूं नये, असा दंडक आहे. 1985 सालीं आंत गेलेला ओ. जे. सिम्सन पुढें खुनाच्या खटल्यांतून 1995 सालीं सुटला आणि 2008 सालीं दरोड्याच्या गुन्ह्यांत तुरुंगांत गेला. तरी त्याचा पुतळा जागचा हलला नाहीं.

आमच्या पुतण्याचा पक्ष आंकड्यांचा. "काका, आंकडा कोणाचा भाऊबंद नसतो," असें तो म्हणे, आणि टेरेल ओवेन्सचें उदाहरण देई. या गृहस्थानें चेंडू झेलून 15,934 यार्ड मजल मारली. तो थांबला तेव्हां या बाबतींत त्याच्यापुढें एकच माणूस होता. असें असतां 2016 आणि 2017 अशीं दोन वर्षें समितीनें त्यास बाहेर ठेविलें. कारण काय, तर तो तोंडाचा फटकळ, आणि ज्या संघांत जाई त्यांत भांडणें लावी. वर्तन पाहूं नये म्हणावयाचें आणि तें खिडकींतून आंत घ्यावयाचें, ही युक्ति परीक्षकांस नवी नाहीं. येथें आमचें मत पुतण्याच्या बाजूस पडलें. उत्तरपत्रिका उत्तम असतां विद्यार्थी उद्धट म्हणून त्याचे गुण कापणारे सहकारी आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयीं आम्हांस कधींच आदर वाटलेला नाहीं.

परंतु ज्याच्या नांवावर आंकडाच पडूं शकत नाहीं त्याचें काय करावयाचें? जेरी क्रेमर हा ग्रीन बे पॅकर्स या संघांत 1958 पासून 1968 पर्यंत 'गार्ड' या जागीं खेळला. गार्डच्या हातीं चेंडू सहसा येतच नाहीं. समोरच्या पहाडासारख्या माणसास रेटून मागून येणाऱ्यासाठीं वाट मोकळी करावयाची, हें त्याचें काम. 31 डिसेंबर 1967 रोजीं ग्रीन बे येथें अजिंक्यपदाचा सामना झाला. थंडी इतकी, कीं पारा शून्याखालीं 25 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अवघे कांहीं सेकंद उरले असतां क्रेमरनें समोरच्या गड्यास मागें लोटलें, आणि त्या फटींतून बार्ट स्टार चेंडूसह रेषेपलीकडे पडला. पॅकर्सनीं डल्लासच्या संघास 21 विरुद्ध 17 असें हरविलें. गुणपुस्तकांत नांव लागलें तें स्टारचें, आणि नियमाप्रमाणें तें योग्यच होतें.

1969 सालीं पहिल्या पन्नास वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ कागदावर रचण्यांत आला, त्यांत क्रेमर होता. कीर्तिमंदिरांत मात्र तो नव्हता. 1974 पासून दहा वेळां त्याचें नांव शेवटच्या यादीपर्यंत गेलें आणि दहा वेळां परत आलें. त्या संघाचे पुष्कळ जण आधींच आंत बसले आहेत, असें एक कारण सांगण्यांत येई. जणूं काय एकाच घरांतील चार मुलें पहिल्या वर्गांत आलीं म्हणून पांचव्यास नापास करावें!

आमचा पुतण्याशीं खरा मतभेद झाला तो येथें. ओवेन्सचे 15,934 यार्ड आणखी शंभर वर्षांनींहि तितकेच राहतील. त्याचा दावा नासणारा नाहीं. क्रेमरचा दावा साक्षीदारांवर उभा, आणि साक्षीदार मरतात. त्याचा गुरु व्हिन्स लोम्बार्डी 1970 सालींच गेला. ज्यांनीं तो खेळ डोळ्यांनीं पाहिला ते समितींतून एकेक करून उठले, आणि त्यांच्या जागीं जे आले त्यांनीं त्याच्याविषयीं केवळ ऐकलें होतें. म्हणून ज्याचें कर्तृत्व मोजतां येत नाहीं त्याची सुनावणी आधीं व्हावी, असें आमचें म्हणणें. पुतणा म्हणाला, "काका, अशानें दार सर्वांसच उघडेल." उघडूं द्यावें. दहा-वीस पुतळे अधिक झाल्यानें मंदिर कोसळेल, अशी भीति आम्हांस वाटत नाहीं.

अखेर 2018 सालीं, वयाच्या 82 व्या वर्षीं, क्रेमर निवडला गेला. ओवेन्सहि त्याच वर्षीं निवडला गेला. एक जण पंचेचाळीस वर्षें ताटकळून हर्षभरित मुद्रेनें कॅन्टनला आला. दुसरा दोन वर्षें थांबावें लागलें म्हणून तिकडे फिरकला नाहीं, आणि त्याच दिवशीं चॅटनूगा येथें आपल्या जुन्या कॉलेजांत त्यानें निराळा समारंभ केला. ओवेन्सचा राग आम्हांस अन्यायाचा वाटत नाहीं. पण त्या दिवशीं शेजारीं बसावयास कोण होतें, हें त्यानें पाहावयास हवें होतें.

केन स्टेब्लरच्या वांट्यास तेंहि आलें नाहीं. ओकलंड रेडर्सचा हा क्वार्टरबॅक 1974 सालचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला होता. परंतु त्यानें फेंकलेले चेंडू शत्रूनें 222 वेळां झेलले आणि त्यांतून टचडाउन साधले 194, असा हिशेब त्याच्याविरुद्ध मांडला जाई. जुलै 2015 मध्यें तो कर्करोगानें वारला. वारंवार बसलेल्या आघातांनीं त्याच्या मेंदूस जडलेली व्याधि तपासणींत उघडकीस आल्याचें फेब्रुवारी 2016 मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्याच आठवड्यांत समितीनें त्याची निवड केली. खेळानें घेतलेलें मोल आणि खेळानें दिलेला मान यांची वार्ता अशी जोडीनें आली. त्या रात्रींच्या बैठकींत या नांवावर मात्र कोणी भांडलें नाहीं.

संघटनेस शंभर वर्षें पूर्ण झालीं त्या निमित्तानें 2020 सालीं मागें राहिलेल्या दहा जुन्या खेळाडूंस एकदम आंत घेण्यांत आलें. दहांपैकीं सहा जण हयात नव्हते. ड्यूक स्लेटर हा 1920 नंतरच्या दशकांतील कृष्णवर्णी खेळाडू, जो पुढें शिकागोंत न्यायाधीश झाला, तो तर 1966 सालींच गेलेला. आणि बॉबी डिलन! लहानपणींच एक डोळा गमावलेल्या या माणसानें आठ वर्षांत प्रतिपक्षाचे 52 चेंडू हवेंतून हिरावून घेतले होते. म्हणजे आमच्या पुतण्यास हवा असलेला आंकडासुद्धां त्याच्यापाशीं होता. ऑगस्ट 2019 मध्यें तो वारला, आणि जानेवारी 2020 मध्यें त्याचें नांव जाहीर झालें.