मैदान आणि पंगत

ज्यांचें बालपण मोठ्या एकत्र कुटुंबांत गेलें आहे त्यांना हें सांगावयास नकोच कीं, अशा घरांत खेळगडी शोधण्यासाठीं उंबरठा ओलांडावा लागत नाहीं. हिंगोलीच्या आमच्या वाड्यांत एके काळीं सख्खे, चुलत, आते आणि मामे मिळून नऊ मुलगे होते. शेजारचे दोघे घेतले कीं क्रिकेटचा संघ उभा राही. (हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती, तिचा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला.) कयाधूच्या बाजूच्या माळावर आमचे सामने होत. गोलंदाजी कोणीं करावी हें वयावर ठरे, फळी प्रथम कोणाच्या हातीं जावी हें ती कोणाच्या वडिलांनीं आणली यावर ठरे, आणि बाद झालेल्या मुलास आजीकडे दाद मागण्याची मुभा असे. अशा संघाचा पराभव वरचेवर होई, यांत नवल नाहीं.

पराभूत होऊन आलों कीं आजोबा ओसरीवरून म्हणत, "भावांनीं कसें खेळावें हें पाळवणकरांकडून शिका!" आजोबा वकील, कायद्याच्या शिक्षणासाठीं मुंबईस असतांना त्यांनीं हिंदू संघाचे सामने पाहिले होते. त्या काळीं संघ धर्मवार असत. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले; १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. हिंदू संघांत बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे सख्खे भाऊ खेळले. आजोबा त्यांचीं नांवें अशा थाटांत घेत कीं, ऐकणारास तीं आमच्याच कुळांतील वाटावीं.

या भावांचे वडील सैन्यांत नोकरीस होते. छावणीचें गांव काय असतें हें हिंगोलीकरांस निराळें सांगावयास नको; हैदराबाद कंटिन्जंट फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन होईपर्यंत येथेंही तिची छावणी होती. पुण्यास गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या सामानावर बाळू व शिवराम खेळावयास शिकले. पुढें बाळूंना एका पारशी क्लबांत मैदान झाडण्याचें व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचें काम मिळालें. दरमहा पगार तीन रुपये. नंतर युरोपियनांच्या क्लबांत चार रुपयांवर ते साहेबलोकांना सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकीत. फळी हातांत घेण्याची संधि त्यांना तेथें मिळत नसे. परंतु डावऱ्या हाताची ती मंद गोलंदाजी याच चाकरींत तयार झाली, आणि पुण्याच्या हिंदूंना साहेबांविरुद्ध जिंकावयाचें होतें तेव्हां त्यांना बाळूंची आठवण झाली. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं मुंबईस युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या संघांत बाळू होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला हिंदी संघ विलायतेस गेला, त्यांत बाळू आणि शिवराम दोघेही होते. त्या दौऱ्यांत एकट्या बाळूंनीं ११४ गडी बाद केले.

एका घरांतून इतके खेळाडू निघणें ही गोष्ट मात्र जगांत दुर्मिळ नाहीं. १८८० सालीं ओव्हल मैदानावर इंग्लंडकडून ग्रेस घराण्यांतील तिघे भाऊ एकाच सामन्यांत उतरले होते. ऑस्ट्रेलियांत त्यांच्या पद्धतीचा जो फुटबॉल खेळतात त्यांत मेलबर्नच्या कॉलिंगवूड संघानें १९२७ ते १९३० अशीं लागोपाठ चार अजिंक्यपदें मिळविलीं. त्या संघांत कॉव्हेंट्री बंधु आणि कॉलियर बंधु अशा दोन जोड्या होत्या. वडील ज्या संघांतून खेळले त्या संघांत मुलास घेण्याची सवलत देणारा नियमही तिकडे आहे. आपल्याकडे सुनील गावसकरांचे मामा माधव मंत्री हे कसोटीवीर. भाच्यानें लहानपणीं त्यांची संघाची लोंकरी बंडी मागितली, तेव्हां ती स्वतः मिळवावी लागते असें सांगून त्यांनीं ती दिली नाहीं. थोरल्याचें पाहून धाकटा शिकतो, घर हीच पहिली शाळा होते, एवढेंच यामागचें रहस्य आहे. आपल्या भाषेंत भावांच्या तंट्यास 'भाऊबंदकी' हा खास शब्द आहे आणि त्यांच्या एकजुटीस तितका ठसठशीत शब्द नाहीं, याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें.

एका रात्रीं आजोबा असेच रंगांत आले असतां आमच्यांतील सर्वांत धाकट्यानें विचारलें, "आजोबा, ते जेवायला कुठें बसत?" घरांत रोज पंगती उठतांना पाहणाऱ्या मुलास दुसरें काय सुचणार? आजोबा थांबले. "उशीर झाला, झोपा आतां," असें म्हणून त्यांनीं कंदील बारीक केला.

पाळवणकर हे चर्मकार समाजांतील होते, ही गोष्ट आजोबांनीं आम्हांस कधीं सांगितली नव्हती. पुण्यास बाळूंना चहा मिळे तो तंबूच्या बाहेर आणि मातीच्या भांड्यांतून. जेवणाचें पान वेगळें. चेंडू तेवढा सर्वांच्या हातून फिरे, आणि त्याला विटाळ नसे! मुंबईस हा भेद पुढें हळूहळू सैल झाला, पण कर्णधारपद बाळूंना मिळालें नाहीं. कर्णधार पै यांनींच एकदां जाहीरपणें बोलून दाखविलें कीं, हा मान वस्तुतः बाळूंचा होता. १९२० सालीं बाळूंना वगळण्यांत आलें, तेव्हां विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. मग तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षीं विजय हिंदूंचाच झाला. थोरल्यास जें नाकारलें तें धाकट्याच्या हातून घरीं आलें. विठ्ठलांचें मराठी आत्मचरित्र १९४८ सालीं प्रसिद्ध झालें; आमच्या घरांतील मोठ्यांस हें सर्व ठाऊक नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं.

आतां आमच्याकडील एक गोष्ट. माळावर एक मुलगा येई. त्याचे वडील आमच्या घरच्या वहाणा शिवीत. प्रथम तो ओढ्यांत गेलेले चेंडू आणून देई. एकदां चेंडू परत फेकतांना त्यानें दुरूनच यष्टी उडविली, आणि तेव्हांपासून आम्हीं त्यास गोलंदाजी दिली. त्या उन्हाळ्यांत आमचे पराभव थांबले. खेळ संपला कीं आम्ही वाड्यांत शिरत असूं आणि तो दिंडीदरवाजाबाहेर राही. तेथें कोणी तरी तांब्या नेऊन त्याच्या ओंजळींत वरून पाणी घाली. राज्यघटनेनें अस्पृश्यता १९५० सालींच रद्द केली होती. आमच्यापैकीं कोणासही यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं, हें आज लिहितांना हात अडखळतो.

धाकट्याच्या त्या प्रश्नानंतर चार दिवसांनीं आजोबा सकाळींच म्हणाले, "आज तुमच्या गोलंदाजाला आंत आणा." माजघरांत थोडी कुजबूज झाली, पण आजीनें लाह्यांचा चिवडा केला आणि बारा बशा भरल्या. तो आला, ओसरीच्या कडेस, खांबाला टेकून बसला. आजोबांनीं त्यास चेंडू कसा धरतोस तें विचारलें, आणि त्यानेंही लिंबू घेऊन तें दाखविलें. सर्वांच्या पुढें पाण्याचे पेले होते, त्याच्याही पुढें होता. खाणें होतांच तो उठला, पायरी उतरून अंगणांत उभा राहिला आणि सवयीनें त्यानें ओंजळ पुढें केली; आणि आमच्या थोरल्या चुलतभावानें, तितक्याच सवयीनें, कोपऱ्यांतला तांब्या उचलून वरून पाणी घातलें. खांबापाशीं त्याचा पेला भरलेला तसाच राहिला होता.