८ ते ८.४० ढग

फुलंब्री,
आषाढ वद्य पंचमी

चि. छकुलीस,

तू मोबाइलवर पाठवलेला कागद माझ्या डोळ्यांना लागेना, म्हणून शेजारच्या पोराकडून छापून घेतला. तीनदा वाचला. ‘पहाटे ५.१५ फुलंब्री सोडणे. ७.३० वेताळवाडी किल्ला. ८ ते ८.४० ढग. ९.३० धबधबा.’ बाई गं, ढगांना कळवलंस का? आणि चाळीसच मिनिटं का, पन्नास का नकोत, तेही लिहायचं होतंस. तुझ्या आईनं लग्नाची यादीसुद्धा इतकी काटेकोर केली नव्हती. त्या यादीचं पुढं काय झालं, ते तुला ठाऊकच आहे.

विचारलंस एवढंच, की कॅमेऱ्यासाठी पावसाळी कव्हर कुठलं घेऊ. सांगतो. पण आधी पाऊस कुठला घेणार ते बोल. तुझ्या डोक्यात लोणावळा बसलाय. तिथं आषाढात गेलं की पाऊस दारात उभाच असतो. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षभरात कसाबसा सातशे मिलिमीटर, तोही लहरीनं. यंदा पुनर्वसूचा तरणा पाऊस गुर्मीत निघून गेला आणि पुष्याचा म्हातारा आल्यापासून नुसता खोकतोय. बारा दिवस उघडीप आहे. मक्यानं पानांची सुरळी केलीय, आल्याच्या वाफ्यांना लोक ठिबकचं पाणी देतायत. तुला फोटोसाठी पाऊस हवा, इथं कपाशीसाठी हवा. गावात येऊन ‘काय सुंदर कोरडं ऊन पडलंय’ असं काही म्हणू नकोस, एवढी विनंती.

अजिंठ्याच्या डोंगरातला धबधबा पाहुण्यासारखा असतो. माथ्यावर दणकून पाऊस झाला की तास-दोन तास कडे पांढरे होतात, दुसऱ्या दिवशी जावं तर खडकावर नुसता ओला डाग. काळा खडक, वर मातीचा पातळ थर. पाणी धरून ठेवायला आहेच काय? म्हणून शनिवार-रविवार गाठून यायचं तुझं गणित मला मान्य नाही. मोकळे चार दिवस घेऊन ये. दोन दिवस ओसरीवर बसायची तयारी ठेव. त्या दोन दिवसांत एकही फोटो नाही मिळाला तरी चालेल. तुमच्या पिढीला बसताच येत नाही, हे माझं जुनं दुखणं. मामी म्हणते, यांचं सुरू झालं. होऊ दे.

तो रॉबर्ट गिल आठव. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आलेला फौजेतला कॅप्टन. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, तरी हा गडी इथंच. त्याआधीच कॅमेराही हाती घेतलेला. त्या काळची ओली काच! प्लेट ओली असेतोवर फोटो घ्यायचा, तेवढ्यातच धुवायचा. त्यानं १८७९ मध्ये मरेपर्यंत या मुलखाचा नाद सोडला नाही. पस्तीस वर्षं, छकुले. तू चाळीस मिनिटं लिहिलीस.

आता कव्हर. महागाचं घेऊ नकोस. जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक, वर रबरबँड. हूड लावून ठेव, समोरच्या काचेवर थेंब कमी बसतात. धुवून मऊ झालेली सुती फडकी चार-पाच आण. एक भिजलं की संपलं. गाडीत एसी लावून याल आणि घाटात उतरून लगेच कॅमेरा काढाल, तर काचेवर वाफ धरेल. ती पुसत बसू नकोस, पिशवीत तसाच ठेवून दहा मिनिटं थांब. (पुन्हा थांबणं आलंच.) सिलिका जेलच्या पुड्या घरी आल्यावर डब्यात टाक. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे. त्या तव्यावरून मला अजून ऐकावं लागतं. पोलरायझर असेल तर आण, ओल्या पानांवरची चकाकी मारतो आणि हिरवा खरा दिसतो.

हे सगळं ठीक. तुझ्या कागदावर शेवटी बारीक अक्षरात जे आहे, त्यानं मला झोप नाही: ‘घळीत उतरून वाइड अँगल.’ कुणाच्या सल्ल्यानं? त्याच घळीत माझं काय झालं ते तू पाहिलंयस, हाताला अजून ढगाळ दिवशी कळ येते. डोळा कॅमेऱ्याला, पाऊल मागं, खाली शेवाळ. तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि रडली नाहीस, मीच रडलो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा वाहत आला, तर फोटो सोडून दोन्ही काठांपैकी जवळचा धरायचा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी माथ्यावर पाऊस पडत असतो. दगड उचलायचा नाही, फुरसं असतं. अत्तर लावायचं नाही. बुरुजाकड्यांना आग्या मोहोळं असतात. वीज कडाडली तर बुरुजावरून खाली. आणि तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, पांढरे कापडी बूट शहरातच ठेव.

गोळेगावहून उंडणगावकडं वळलात की मला फोन करा. पुढं हळद्याच्या घाटात रेंज येईल-न येईल. घाटातूनच किल्ला असा समोर येतो की तिथंच गाडी थांबवशील. थांबव. गुराखी दिसला तर आधी त्याला विचार, वर पाऊस कधी झाला. बरादरीतून खाली वेताळवाडीचं धरण आणि पुढं सोयगावचा सखल भाग दिसतो. तिथं तू बस. धबधबा राहू दे.

दादाला यातलं काही कळवू नकोस, त्याला बीपी आहे.

तुझा,
मामा

ता. क. आईची छत्री माळ्यावर सापडली. दोन काड्या मोडल्यात, चालेल. ट्रायपॉडवर छत्री धरायला एक माणूस लागतो. तुझ्या गाडीत पाचवी जागा मोकळी ठेव.