पाच हातांवरून

एका इंग्रजी अक्षराने माणसाची किती हानी होऊ शकते हे मला वयाच्या 72 व्या वर्षी उमगले, आणि ज्या दुकानदाराने माझ्या मागणीपत्रावरचे ते अक्षर वाचण्याची तसदी घेतली नाही, त्याच्याविषयीचा माझा संताप अद्याप पुरता शमलेला नाही. ते अक्षर ‘एक्स’. रिको कंपनीचे जीआर थ्री आणि जीआर थ्री एक्स हे दोन कॅमेरे वरवर पाहणाऱ्यास जुळ्या भावांसारखे दिसतात. परंतु पहिल्याचे भिंग फिल्मच्या जुन्या हिशेबाने 28 मिलिमीटरचे आणि दुसऱ्याचे 40 चे, आणि दोन्ही भिंगे कॅमेऱ्याच्या अंगचीच असल्यामुळे एक काढून दुसरे बसवण्याची सोय नाही. जे पदरी पडेल त्याच्याशीच संसार करावयाचा.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून झाली. 33 फुटी साखळी, प्लेन टेबल, हद्दीचे दगड, लगतच्या खातेदारांच्या हरकती. त्यात सांगण्याजोगे फारसे काही नाही. छायाचित्रांचा नाद लागला तो 1979 साली, आखातातून परतलेल्या मेहुण्यांकडून यशिका इलेक्ट्रो 35 घेतला तेव्हा. त्याचे भिंग 45 मिलिमीटरचे आणि तेही न निघणारे. जवळजवळ तीस वर्षे त्याच एका भिंगातून मी घरची लग्ने, मुंजी, बारशी आणि वाईचा कृष्णाघाट पाहिला. पुढे रोल मिळेनासे झाले, मिळाले तर धुऊन देणारा मिळेना, आणि तो कॅमेरा कपाटात जाऊन बसला.

2022 मध्ये अक्काचे सहस्रचंद्रदर्शन करावयाचे ठरले. अक्का माझी थोरली बहीण; अविवाहित राहिली, वाईच्या शाळेत शिकवीत आयुष्य घालवले, आणि थोरले बंधू निवर्तल्यापासून ती व वहिनी अशा दोघीच आमच्या जुन्या घरात राहतात. या कार्याचे निमित्त करून मी नवा डिजिटल कॅमेरा घ्यावयाचे मनाशी पक्के केले, आणि तो एकाच नाभीय अंतराचा, आजचे तरुण ज्याला फिक्स्ड लेन्स म्हणतात तसाच घ्यावयाचा, याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता. लांबचे जवळ आणि जवळचे लांब करणारे झूम भिंग हाती असले की माणूस जिथे उभा असतो तिथेच खिळतो. उलट एकच भिंग वर्षानुवर्षे वापरणाऱ्यास कॅमेरा डोळ्यांजवळ नेण्याआधीच चौकट दिसू लागते आणि पाय आपोआप योग्य जागी पडतात.

परंतु कोणते एक? या प्रश्नाची मी दोन महिने रीतसर मोजणी केली. फुजीफिल्मची एक्स 100 ही मालिका 2011 पासून 35 मिलिमीटरवर स्थिर होती. सोनीने 2012 च्या आरएक्स वनला 35 चेच भिंग दिले. लायकाने 2015 च्या क्यू मध्ये 28 पसंत केले. सिग्माने तर त्याआधीच 28, 45 आणि 75 असे तीन निरनिराळे कॅमेरेच काढून निवडीचा भार ग्राहकावर टाकला होता. साखळीच्या भाषेत सांगावयाचे तर 35 च्या भिंगातून एका साखळीवरून जवळपास एक साखळी रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे जितके अंतर तितकीच रुंदी. 28 मधून तो पट्टा 42 फुटांचा होतो, 40 मधून 30 फुटांच्या किंचित आत आणि 50 मधून 24 फुटांच्या आत येतो. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद आणि 24 उंच, तिचा कर्ण सुमारे 43. आणि ज्या भिंगाचे नाभीय अंतर या कर्णाच्या जवळपास असते, त्यातून दिसणारे दृश्य ताणलेलेही वाटत नाही आणि आवळलेलेही वाटत नाही, असा जुना संकेत आहे. माझ्या यशिकाचे 45 याच घरातले. त्या पिढीतला कॅनोनेट आणि खिशात मावणारा रोलाय 35, दोघांचेही 40 चे. ही माणसे आपापल्या कारखान्यांत बसून स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला येतात, यात मला मोठा अर्थ दिसला.

तरीही कागदी गणितावर विसंबणे मोजणीदाराला शोभत नाही. म्हणून ट्रंकेतली जुनी छायाचित्रे काढून, प्रत्येक कुठून टिपले असेल याचा अदमास घेत मी एक फर्द तयार केली; आणि तीस वर्षांत माणसांची जी छायाचित्रे मी काढली, त्यांतली बहुसंख्य पाच हातांवरून, म्हणजे साडेसात फुटांवरून काढलेली आहेत, हे पाहून स्वतःशीच विस्मय पावलो. ते अंतर कोणी मला शिकवले नव्हते. ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावयाचे असता आपण जिथे उभे राहतो, त्याच्या अंगावर जात नाही आणि त्याला आवाज चढवावा लागेल इतके दूरही थांबत नाही, तेच हे अंतर. तेव्हा 40 चे भिंग नक्की झाले, आणि जीआर थ्री एक्सची मागणी मी लेखी नोंदवली.

डबा हाती आला तो वाईला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. घाईत तो तसाच पिशवीत टाकला आणि उघडला वाईला, कार्याच्या पूर्वरात्री. भिंगाभोवतीच्या कड्यावर आकडा होता 18.3. या कॅमेऱ्यांचा संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने त्यांच्या भिंगांचे खरे आकडेही लहान असतात. 40 च्या तोडीचे भिंग 26.1 चे असते, आणि 18.3 म्हणजे 28. मी चष्मा पुसून तो आकडा तीनदा वाचला.

दुकानदाराशी दूरध्वनीवर झालेले संभाषण मला शब्दशः पाठ आहे. “काका, सीलबंद डबा तुम्ही उघडलात, आता तो माल जुना झाला,” असे त्याने प्रथम सांगितले, मी मागणीपत्राची नक्कल वाचून दाखवल्यावर “28 मध्ये 40 आहेच की! घरी जाऊन कडा कापून घ्या,” असे म्हणून त्याने संभाषण संपवले. चूक कोणाकडूनही होते. माझ्या कारकिर्दीत माझ्याकडूनही एका हद्दीचा दगड हातभर सरकला होता आणि फेरमोजणी करून, खातेदाराच्या दारी जाऊन तो मी पूर्ववत केला होता. आपली चूक हा ग्राहकाचा फायदाच आहे असे त्याला पटवू पाहणे, हे मात्र माझ्या लेखी चुकीहून फार निराळे कृत्य आहे.

गणिताने तो खोटे बोलत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. उभे राहण्याची जागा तीच ठेवली तर 28 च्या चित्रातला मधला भाग कापून काढल्यास जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण 40 च्या चित्राबरहुकूमच येते. ते प्रमाण भिंगावर अवलंबून नसते, जागेवर असते. परंतु 28 मधून 40 कापावयाचे तर 2 कोटी 40 लाख बिंदूंपैकी निम्मेही हाती राहत नाहीत. एका एकराचे खरेदीखत करून वीस गुंठ्यांचा ताबा द्यावा, तसेच ते झाले. आणि बिंदूंचा प्रश्न मी एक वेळ सोडूनही देईन. मुख्य गोष्ट त्याहून वेगळी आहे. चौकट समोर दिसत असते, आणि त्या चौकटीत जे रिकामे, जे परके, जे नकोसे दिसते, ते बाहेर घालवण्यासाठी माणसाचे पाय नकळत पुढे सरकतात. कापण्याचे शहाणपण घरी जाऊन सुचते. पाय तिथल्या तिथे चालतात.

दुसऱ्या दिवशी नेमके तेच घडले. माजघरात अक्का पाटावर बसली होती, 81 निरांजनांची तबके सज्ज होती, आणि मी सवयीने पाच हातांवर, समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. पडद्यावर अक्का चिमुकली दिसत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना मंडपवाल्याच्या खुर्च्या, पाण्याचे पिंप, कोणाचे कोपर, कोणाचा पाठमोरा अंबाडा. दोन-चार चित्रे काढली आणि ती मला इतकी विस्कळीत वाटली की मी पुढे सरकलो. यशिकाने पाच हातांवरून अक्का जेवढी दिसली असती, तेवढी दिसण्यास या भिंगाला तीन हात लागत. ओवाळणे सुरू झाल्यावर चेहरा हवा म्हणून आणखी पुढे, पार पावणेतीन फुटांपर्यंत गेलो. तिथून नाक कपाळाहून पुढे येते, कान मागे सरतात, तबक धरणारीचा हात घागरीएवढा दिसतो. अक्काला एका डोळ्याने अंधुक दिसते. समोर काहीतरी काळे एकाएकी जवळ आलेले पाहून तिने मान मागे घेतली, एक हात जमिनीला टेकला आणि म्हणाली, “अरे, इतका अंगावर का येतोस?”

ती रागावली नव्हती. परंतु तिच्या साऱ्या आयुष्यात मी तिची असंख्य छायाचित्रे काढली आणि त्या प्रत्येकात ती माझ्याकडे स्वस्थपणे पाहत आहे. ज्या दिवशी एवढे सगळे जण केवळ तिच्यासाठी जमले होते, त्या दिवशीच्या सगळ्या जवळच्या चित्रांत मात्र तिची मान मागे आहे आणि डोळ्यांत बिचकल्याचा भाव आहे. दिवे विझवून पुन्हा लावता येतात. तो मुहूर्त परत येत नाही. दुकानदाराला मी जे क्षमा करू शकत नाही ते हेच. मी मनात धरलेल्या जागेवरून त्याने मला चार पावले पुढे ढकलले, आणि त्यासाठी मला माझ्या बहिणीशी असभ्यपणे वागावे लागले.

येथवर लिहून थांबलो असतो तर माझी तक्रार निर्वेध राहिली असती. पण त्यानंतर दोन महिन्यांनी, पुतणीने ती पहिली विस्कळीत चित्रे मोठ्या पडद्यावर लावली, आणि एका चित्रापाशी थांबून ती म्हणाली, “काका, आई आली आहे फोटोत.” चित्राच्या अगदी डाव्या काठाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर खांद्यावरून घेऊन वहिनी उभ्या होत्या. दादा 1991 मध्ये गेले, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मंगलकार्यात वहिनी तिथेच उभ्या राहत आल्या. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते आणि पुढे ये असेही कोणी म्हटले नव्हते. मी फर्द पुन्हा काढली. 1991 नंतरच्या आमच्या माजघरातल्या एकाही चित्रात वहिनी नव्हत्या. कारण सरळ भूमितीचे होते: अक्काच्या मागची भिंत 13 फूट रुंद, मी तिच्यापासून दहा फुटांवर, 45 च्या भिंगाला तिथून आठच फूट दिसतात, आणि स्वयंपाकघराचे दार भिंतीच्या टोकाला. 28 मधून पावणेतेरा फूट दिसले आणि दारही आले.

ज्या चौकटीला मी तीस वर्षे सभ्य आणि समतोल समजत होतो, तिने एका माणसाला इतकी वर्षे घराबाहेर ठेवले होते, आणि ते माझ्या ध्यानीही आले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही. 28 च्या भिंगाविषयी मी जे बोललो होतो त्यातले बरेच मागे घ्यावेसे वाटले. आणि सकाळी पुन्हा अक्काची ती मागे घेतलेली मान पाहिली, तेव्हा मागे घेववेना. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

कॅमेरा निवडू पाहणाऱ्यास माझे सांगणे एवढेच की, आकड्यांच्या वादात शिरण्यापूर्वी आपली जुनी छायाचित्रे जमिनीवर मांडावीत आणि प्रत्येक चित्र काढताना आपण कुठे उभे होतो हे आठवावे; ते अंतर ज्याने त्याने स्वतःच मोजावयाचे असते. गावोगाव हिंडणारा, गर्दीत मिसळणारा माणूस असेल तर 28 त्याला मानवेल. 35 चे भिंग कोणालाच फारसे अडचणीत टाकत नाही, आणि म्हणूनच कदाचित ते पुष्कळ खपते. ज्याला समोरच्याशी बोलत बोलत चित्र काढावयाचे आहे, त्याने 40 च्या आसपास राहावे. लायकानेही 2024 मध्ये क्यू थ्रीचा 43 मिलिमीटरचा भाऊ काढला तेव्हा मला समाधान वाटले, जरी त्याची किंमत माझ्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातली नाही. आणि मागणी लेखी द्यावी, डबा दुकानातच उघडवून कड्यावरचा आकडा वाचावा, मगच पैसे मोजावेत.

28 चा कॅमेरा मी पुतणीला दिला आणि वर्षभराने, दुसऱ्या दुकानातून, 40 चा घेतला. येत्या दिवाळीत वाईला जाताना तोच बरोबर नेईन. वहिनींना मी पत्राने आधीच कळवले आहे की, या वेळी तुम्ही दाराशी उभे राहावयाचे नाही, अक्काशेजारी पाटावर बसावयाचे.