सिग्नल हिरवाच अडकला तर?

लिंक रोडवरचा लाल सिग्नल म्हणजे माझा हाडवैरी. घर मालाड पूर्वेला, ऑफिस पश्चिमेला माइंडस्पेसमध्ये आणि लॉगिनची वेळ कायम तोंडावर. पण गेल्या वर्षी मी एका लाल सिग्नलसाठी चक्क देव पाण्यात ठेवले होते.

बाबांच्या डाव्या टाचेवर काळा डाग आला. आई म्हणाली, चप्पल चावली असेल. जवळच्या डॉक्टरांनी कुरूप समजून मलम दिलं. आठ महिन्यांत डाग पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त यायला लागलं. बायोप्सी केली तर मेलानोमा! जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचलेला.

"अगं, तो गोऱ्यांना होतो ना? उन्हात लोळणाऱ्या?" बाबांचा प्रश्न.

त्यांना जास्त होतो, खरंय. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नाहीतर नखाखाली निघतो. 1981 मध्ये गेलेल्या बॉब मार्लेचाही पायाच्या बोटाच्या नखाखालीच होता.

गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीला गेला आणि मी रात्री जागून वाचू लागले. पेशीला 'वाढ' असा निरोप प्रथिनांच्या एका साखळीतून मिळतो. त्यातलं एक बीरॅफ. 2002 मध्ये कळलं, की त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलानोमांत बीरॅफ बिघडतं आणि सिग्नल हिरवाच अडकतो. मग पेशी सुसाट! 2011 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेमुराफेनिब नेमका तोच सिग्नल लाल करतं. तेसुद्धा साध्या गोळीतून. अनेकांच्या गाठी काही आठवड्यांत आक्रसतात. पुढे कॅन्सर आडवाट शोधतो, म्हणून आता साखळीतलंच मेक हे प्रथिन अडवणारी दुसरी गोळी जोडीला देतात.

"किती लागतील?" बाबांनी पासबुक काढलं. मी त्यांना सोराफेनिबची गोष्ट सांगितली. तेही सिग्नल अडवणारंच औषध, पण मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरवरचं. महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आदेश निघाला आणि हैदराबादच्या नॅटकोला ते 8,880 रुपयांत विकायची परवानगी मिळाली. ऐकून बाबांना जरा हुशारी आली. मलाही.

रिपोर्ट आला. बीरॅफमध्ये बदल नाही.

"तरी देऊन बघूया ना?" मी हट्टाने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. सिग्नल बिघडलेलाच नसेल, तर हे औषध पेशींना उलट चालना देऊ शकतं. आणि तळपायाच्या मेलानोमात हा बिघाड तसाही कमीच सापडतो. म्हणजे इतक्या रात्री मी जे औषध पाठ केलं, ते आमचं नव्हतंच. पार्किंगमध्ये जाऊन मनसोक्त रडले.

बाबांची सर्जरी झाली, गाठी काढल्या. आता प्रतिकारशक्तीला जागं करणारी इंजेक्शनं चालू आहेत. पुढचं स्कॅन दिवाळीनंतर. तोवर दर रविवारी रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मी त्यांचे तळवे बघते.

"पाया पडतेस की पाय बघतेस?" ते विचारतात.

"दोन्ही."

मग चष्मा लावून ते म्हणतात, "आण, आता तुझे दाखव."