सगळ्याच गाड्यांना ब्रेक असतात

कोल्हापूर

चि. ऋचास,


रोज कामावर नेण्याच्या मोटरसायकलीची निवड रस्त्यावरून ठरते. कोथरूड, चांदणी चौक, महामार्ग, वाकड आणि हिंजवडी हा जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटरचा रस्ता घेतला, तर त्यातला बराचसा पहिल्या तीन गिअरांत, हाफ क्लचवर आणि समोरच्या कंपनी-बसचा धूर घेत पार पडतो. अशा रस्त्याला गाडीचा कमाल वेग किती, याचा संबंध नसतो. संबंध असतो तो शून्यापासून ६० पर्यंतच्या पिकअपचा, क्लच किती हलका आहे याचा, आणि दोन मोटारींच्या मधून हँडल किती सहज वळते याचा. इंजिनाच्या उष्णतेचाही संबंध असतो. मोठ्या इंजिनाचा पंखा सिग्नलला सुरू झाला की गरम हवा थेट पायांवर येते. शोरूमच्या एसीत हे कळत नाही.

मजा कशात असते, याचे उत्तर नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यात नाही. ताकद आणि वजन यांचे प्रमाण पाहावे लागते, आणि ती ताकद किती वेगाला हाती येते तेही. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनली. इंजिन ९८ सीसीचे, टू-स्ट्रोक. ताकद ११ अश्वशक्ती. वजन शंभर किलोच्या आसपास. कोल्हापुरात ती आजही जपून ठेवणारे आहेत, आणि मूठ पिळताच ती कशी उडते यावर ते तासभर बोलतात. तिला पुढे ड्रम ब्रेक होता, यावर मात्र कोणी बोलत नाही.

आजच्या गाड्यांत १०० सीसीचा वर्ग उपयोगाच्या बाजूला झुकतो. १९९४ पासून चालत आलेली स्प्लेंडर कुठेही दुरुस्त होते, फारसे पेट्रोल मागत नाही आणि कोणाच्या अंगावर रोमांचही उभे करत नाही. १२५ सीसीमध्ये चित्र बदलले आहे. २०२१ मध्ये आलेली टीव्हीएस रायडर १२३ किलोची आणि ७८० मिलिमीटर उंचीच्या सीटची आहे. बेताच्या उंचीच्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. १५० ते १६० सीसीचा वर्ग भारतात खऱ्या अर्थाने रुजवला तो २००१ च्या पल्सरने. होंडा युनिकॉर्न, यामाहा एफझी, सुझुकी जिक्सर, अपाचे आरटीआर १६० या त्यानंतरच्या. त्याच्या वर ३५० सीसीची हंटर येते: २०२२ ची, दिसायला सुटसुटीत, पण १८१ किलोची. सोसायटीच्या चढावर ती उलटी ढकलून बाहेर काढताना वजनाचा अर्थ समजतो.

तुझ्या पत्रासोबत पाठवलेल्या फोटोतली नारिंगी गाडी, म्हणजे केटीएम ३९० ड्यूक, चाकणला बनते. आताचे इंजिन ३९९ सीसीचे, ४६ पीएसचे, आणि एवढ्या ताकदीला वजन अवघे १६८ किलो. यंत्र म्हणून ते सुंदर आहे, यात वाद नाही. अडचण एवढीच की त्याची मजा जिथे सुरू होते तिथे वाकडचा सिग्नल येतो. १६० सीसीची गाडी रोजच्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने वापरता येते. ड्यूक तिथे निम्म्यानेही वापरली जात नाही, आणि न वापरलेली ताकद कधीतरी रात्री रिकाम्या महामार्गावर वापरावीशी वाटते. तरुण माणसाला तर वाटतेच.

ॲव्हरेजची चिंता त्या मानाने उगाच केली जाते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर लिटरला ५० देणाऱ्या गाडीला २० लिटर पेट्रोल लागते आणि ३५ देणाऱ्या गाडीला साडेअठ्ठावीस. फरक साडेआठ लिटरचा. नोकरी करणाऱ्या मुलीने यासाठी मन मारण्याची गरज नाही. ॲव्हरेजसाठी मन मारावे लागते ही पत्रातली तक्रार रास्त आहे.

त्याच पत्रातले पुढचे वाक्य मात्र रास्त नाही. ‘ब्रेक काय, सगळ्याच गाड्यांना असतात’ असे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला लिहिणे हे धाडस आहे. ब्रेक सगळ्या गाड्यांना असतात हे खरे, पण थांबणे सगळ्यांना सारखे येत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्याने पाहून बोट लिवरवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपलेले असतात. त्यापुढचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की चौपट रस्ता लागतो.

ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे येते आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक रस्त्याला धरत नाही, लगेच घसरते. म्हणून कोरड्या डांबरावर जोरात थांबताना सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचे चाक करते, आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबणाऱ्याला दुप्पट अंतरही लागू शकते. तरीही घरोघर शिकवण एकच: ‘पुढचा दाबू नको, पडशील.’ ही शिकवण वाळूत, वळणावर आणि घाबरून झटक्याने दाबलेल्या ब्रेकपुरती खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक उजवा पाय मोडेस्तोवर दाबत आले आहेत आणि समोरच्या रिक्षात शिरत आले आहेत. पुढचा लिवर लिंबू पिळल्यासारखा वाढत्या दाबाने दाबायचा असतो. रिकाम्या मैदानात, आधी ताशी २० वर, मग ४० वर, याचा सराव करता येतो. सराव न केलेल्या हाताला ऐनवेळी ते सुचत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय तरी द्यावी लागते. म्हणून निवड १२५ आणि १६० यांच्यात अडली असेल तर एबीएसकडे झुकावे. काही गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, काहींत दोन्हींना; विचारून घ्यावे. ते काम करू लागले की लिवर बोटांखाली थरथरतो आणि काही लोक बिघाड समजून तो सोडून देतात. सोडायचा नसतो. वळणावर झुकलेली गाडी किंवा चौकात सांडलेले डिझेल यापुढे या साध्या एबीएसचेही फारसे चालत नाही. पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि खोदकामावरच्या लोखंडी प्लेटा यांवरून ब्रेक न लावता सरळ जावे. हिंजवडीची शिफ्ट रात्री दहाला सुटते, हेही या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, ते अजून सांगितलेले दिसत नाही.

सणासुदीला याच गाडीवर पुण्याहून कोल्हापूरला येणे हा रोजच्या वापराचा भाग नव्हे. खंबाटकीचा घाट, तिथली वळणे आणि रात्रीचे कंटेनर हे सर्व एसटीच्या खिडकीतून पाहिले तरी चालते.

उरलेल्या बाबी किरकोळ दिसतात, पण रोज भेटतात. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांना डबल स्टँड नसतो आणि चेन उघडी असते. उघड्या चेनला सुमारे ५०० किलोमीटरला, म्हणजे इथे पंधरवड्याला, साफ करून ल्यूब द्यावे लागते. डबल स्टँडशिवाय ती कसरत होते. आखूड मडगार्डाने पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठते. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे चाकात न जाण्यासाठी आडोसा हवा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात. ताई साडीत एका बाजूला पाय सोडून बसते. उंच, दुभंगलेल्या मागच्या सीटवर ती बसणार नाही, आणि बसली तर चतुःशृंगीपर्यंत देवाचे नाव घेत बसेल.

या सगळ्यातून निघते ती १६० सीसीच्या वर्गातली, दीडशे किलोच्या आतली, पुढे डिस्क आणि एबीएस असलेली गाडी. कोणत्या कंपनीची, हे चालवून ठरवावे. टेस्ट राइड शोरूमभोवतीच्या गल्लीत न घेता संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत मागावी.

स्कूटरसाठी काढलेले बिनगिअरचे लायसन्स मोटरसायकलीला चालत नाही. ते आधी बदलून घ्यावे. नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दरवर्षी आठवणीने भरायचा असतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे आणि डोक्याच्या मापाचे हवे, हनुवटीखालचा पट्टा लावलेला. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे, म्हणून दोन घ्यावीत. दुसरे ताईच्या अंबाड्यासकट बसेल असे.

कळावे.
तुझा,
मामा